ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३: दोन पुरांत बुडाली, गंजानं खाल्ली, कोल्हापुरातच उभी करायची आहे

शुक्रवारपेठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३, म्हणजे दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. काका इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा बोटीनं घेऊन आले होते. ते गेल्यावर गाडी मागच्या शेडमध्ये लावली ती लावलीच. घर पंचगंगेच्या बाजूला, त्यामुळं २०१९ ला पाणी डॅशबोर्डपर्यंत आलं आणि २०२१ ला पुन्हा आलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, आणि दोन्ही वेळा नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. माणसं आणि जनावरं बाहेर काढायची धावपळ होती, गाडीकडं कोण बघणार.

आता शेड रिकामं केलंय आणि गाडी उजेडात आली आहे. वरून बघितलं तर फार वाईट वाटत नाही. बॉनेट फेंडरसकट पुढं कलंडतो, तो अजून उघडतो. पण डाव्या सिलवर, म्हणजे दरवाजाखालच्या पत्र्याच्या पेटीवर, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला ओला काळा गाळ होता. पूर ओसरून इतकी वर्षं झाली तरी ओला. ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा नाहीच, खाली जमीन दिसते. डावा दरवाजा उघडला की परत बसत नाही, कुलपाच्या बाजूला बोटभर खाली राहतो. इंजिन फिरत नाही. गिअरबॉक्सचं तेल दुधासारखं झालंय.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी सांगितलं, लांबी (पुट्टी) भरून, घासून, लाल रंग मारून देतो, दसऱ्याला फिरवा. मला ते करायचं नाही. गाडी विकायचीही नाही. मला एवढंच सांगा की कापायला सुरुवात कुठून करू आणि कोणत्या क्रमानं जाऊ. वेल्डिंग शिकतोय. वेळ आहे, जागा आहे, पैसा थोडा थोडा घालता येईल.

पुणेरी_पिस्टन

फोटो बघितले. मनापासून वाईट वाटलं. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्या गाडीचं सिल आणि फ्लोअर दोन्ही गेलंय, तिच्यावर होणारा खर्च गाडीच्या किमतीत कधीच बसत नाही. सिल, फ्लोअर, चाकांच्या कमानी यांचे तयार पत्रे इंग्लंडमध्ये आजही मिळतात, पण ते आकारानं मोठे आणि वजनानं हलके, म्हणजे विमानाचं भाडं आकारावर लागणार आणि वर कस्टम ड्यूटी. त्यापेक्षा कोणाकडं बरी बॉडी असेल त्याला ही गाडी सुट्या भागांसाठी द्या. निदान इंजिन आणि सस्पेन्शन तरी वाचेल.

लेथमास्तर

पुण्याच्या पावण्यांचं ऐकू नगंस भावा. गाडी कोल्हापुरात हाय, आणि कोल्हापुरात लोखंडाचं काम करणारा माणूस मिळत न्हाई असं कधी झालंय का? उद्यमनगरात अख्खी ऑइल इंजिनं वतून, घासून, जोडून बाहेर पडत हुती. तुझी गाडी तर चार सिलिंडरची.

मी हेराल्डवर हात काळं केल्यात. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला बनायची, १९६१ पासनं १९७१ पर्यंत. स्पिटफायर तिचीच धाकटी भण. दोन्हींचा आकार मिशेलोत्ती म्हणून इटलीचा माणूस हुता त्यानं काढलेला. पण एक फरक नीट समजून घे, मग तुझा दरवाजा का बसंना ते कळंल. हेराल्डच्या चासीला मधल्या कण्यापासनं दोन्ही बाजूला हात काढल्यात, बॉडी त्या हातांवर बसती. स्पिटफायर करताना चासी आखूड केली, व्हीलबेस साडे एक्क्याण्णव इंचांवरनं ८३ इंचावर आणला, आणि बाजूचं ते हात काढून टाकलं. म्हंजे बाजूची ताकद आता कुठनं येणार? सिलमधनं. मागच्या चाकाला पुढनं धरणारा दांडा असतोय, रेडियस आर्म म्हणत्यात, तोसुदिक चासीला न्हाई, सीटमागच्या बॉडीच्या पत्र्याला बोल्ट हाय. आपल्या माळवदाच्या घराला जशी तुळई, तसं ह्या गाडीला सिल. ते कुजलं की गाडी मध्यातनं खाली बसती आणि दरवाजा कुलपाकडं उतरतोय.

म्हणून क्रम एकच. आधी सिल, मग फ्लोअर, मग सीटमागचा आडवा पत्रा, मग बाकीचं. रंगाचं नाव शेवटी घ्यायचं.

शुक्रवारपेठ

मास्तर, हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी बॉडी चासीवरून उचलून, उलटी करून खालून काम करायचं ठरवत होतो. तसं केलं तर चालेल का?

लेथमास्तर

अजिबात न्हाई! सिल कुजलेली बॉडी उचललीस तर ती मधनं दुमडंल, आणि दुमडलेली बॉडी सरळ करायला जन्म जाईल. सिल बदलून हुईस्तोवर बॉडी चासीलाच बोल्ट असू दे. चासी आधी सपाट जागंवर घोड्यांवर, म्हंजे लोखंडी टेकूंवर, ठीव, स्पिरिट लेव्हल लाव. घोड्या सस्पेन्शनच्या जवळ लाव, मधी न्हाई.

मग दरवाजाच्या मापात आडकाठी कर. २५ मिलीचा चौकोनी पाइप घे. एक दांडा बिजागरीच्या खांबापासनं कुलपाच्या खांबापर्यंत, दुसरा तिरपा. बिजागरीची बोल्टची भोकं हायत तीच वापर, नवीन भोकं पाडू नगंस. दांड्याच्या टोकाला आटे काढून नट बसीव, म्हंजे नट फिरवून मिलीभर इकडं तिकडं करता येतंय. दरवाजा लावून बघायचा, फट वरनं खालपर्यंत सारखी आली की नट आवळायचा. ही फट म्हंजेच तुझी मापपट्टी. दोन्ही बाजू एकदम कापायच्या न्हाईत. डावी पुरी करायची, दरवाजा लावून बघायचा, मगच उजवी.

शिरोली_लॅब

मी फाउंड्रीत मेटलर्जीचं काम करते. गंजाच्या बाजूनं काही गोष्टी सांगते, कारण कापण्याआधी त्या व्हायला हव्यात.

गंज लागायला लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पुराच्या गाडीचा खरा त्रास गाळात आहे. नदीचा बारीक गाळ सिलच्या बंद पेटीत शिरतो, तळाशी बसतो आणि पाणी धरून ठेवतो. त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं, म्हणजे क्षार आलेच. क्षारांमुळं पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाची क्रिया जोरात चालते. शिवाय गाळाखाली ऑक्सिजन कमी आणि कडेला जास्त, या फरकामुळं गाळाखालचा पत्रा आधी खड्डे पडून खाल्ला जातो. तुमचा स्क्रू ड्रायव्हर जिथं आत गेला ती जागा बघा, सिलच्या तळापासून थोडी वर, गाळाच्या रेघेलगत असणार.

त्यामुळं पहिलं काम पाण्याचं आहे. गंजलेली गाडी धुवायची म्हटलं की लोक दचकतात, पण सगळ्या बंद पेट्या, दरवाजांचे तळ, चासीच्या कण्याची पोकळी, डिकीचे कोपरे गोड्या पाण्यानं धुऊन काढा. बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत. मग हवेचा झोत आणि ऊन. हे काम मे महिन्यातल्या उन्हातच करा. क्षार आत ठेवून वर कितीही महाग प्रायमर लावलात तरी खाली फोड येतात.

एक विनंती. फाउंड्रीत ओळख आहे म्हणून बॉडीचे पत्रे शॉट ब्लास्टिंगला देऊ नका. ती यंत्रं कास्टिंगची वाळू झाडायला असतात, लोखंडी छर्रे मारतात. एक मिलीपेक्षा पातळ पत्रा त्यात ताणला जाऊन लाटा घेतो आणि त्या लाटा पुन्हा बसत नाहीत. चासी, विशबोन, चाकं यांना चालेल, कारण ते जाड आहेत. बॉनेट आणि दरवाजे हातानं, वायर ब्रशनं आणि पेंट रिमूव्हरनं करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका आणि मास्क लावा.

आजराकर

लहान भागांसाठी आमच्याकडचा उपाय सांगतो. ब्रॅकेट, बिजागऱ्या, बोल्ट, क्लिपा, असलं सगळं साखर कारखान्यातल्या मळीच्या (काळ्या पाकाच्या) पाण्यात बुडवायचं. एक भाग मळी, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. दोन-तीन आठवडे लागतात, वास सुटतो, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवा. पण काढल्यावर ब्रशनं धुतलं की खालचा करडा धातू जसाच्या तसा दिसतो, आणि बऱ्या लोखंडाला धक्का लागत नाही. मळीच्या साठ्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, त्यामुळं कारखान्याच्या गेटवर जाऊन पिंप भरून मागू नका. मी गुऱ्हाळावरची खराब झालेली, खायला न चालणारी काकवी वापरली होती. माझं काम झालं.

आणि हिरडा! आमच्या रानात हिरडा आहे. हिरड्याचं टॅनिन लोखंडाला लागलं की काळं होतं, जुन्या काळी शाई त्यावरच व्हायची. बाजारात गंज बदलणारं द्रावण म्हणून जे मिळतं त्यातही टॅनिक अॅसिड असतं. हिरड्याचा काढा करून सिलमध्ये आतून फवारला तर?

शिरोली_लॅब

आजराकर, दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून आहेत. मळीतले घटक गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढतात, म्हणून चांगला धातू शाबूत राहतो. मात्र त्यात अॅल्युमिनियम टाकू नका, खाल्लं जाईल. कार्बोरेटर, थर्मोस्टॅटचं घर, असलं काही त्या पिंपात जाता कामा नये.

हिरड्याच्या काढ्याबद्दल माझं मत असं. टॅनिन पातळ गंजाचं रूपांतर करतं, जाड पापुद्र्याच्या मुळाशी पोचत नाही. सिलच्या आत हात जात नाही, तिथं पापुद्रा निघालाय की नाही हे कळणार कसं? ज्याच्यावर गाडीचं वजन आहे तो पत्रा काळा करून ठेवण्यापेक्षा कापून नवा लावावा. तुमचा काढा दरवाजाच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या खणाला, जिथं गंज नुसता वरवर आहे तिथं खुशाल वापरा. सुकल्यावर वर प्रायमर हवाच.

घाई असेल तर सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, गंजलेला भाग निगेटिव्हला, भंगार लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. पॉझिटिव्हला स्टेनलेस कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब. स्प्रिंगा यात किंवा अॅसिडमध्ये बुडवू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.

पुणेरी_पिस्टन

लेथमास्तर, हेराल्ड-स्पिटफायरचा हा फरक मला माहीत नव्हता. माझं मत बदललंय. गाडी ठेवणारच असाल तर वेल्डिंगचं मी सांगतो, माझं रोजचं काम तेच आहे.

तयार सिल परदेशातून मागवायची गरज नाही. ते तीन थरांचं असतं: बाहेरचं, आतलं, आणि मधे ताकदीचा उभा पत्रा. तिन्हीला वळणं सोपी आहेत, प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वळवायच्या यंत्रावर, निघतील. सीआरसी म्हणजे साधा थंड लाटलेला पोलादी पत्रा घ्या, ताकदीच्या भागांना १.२ मिली, बाहेरच्याला १ मिली. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो, तो अंगावर येतो, ताप भरतो आणि टाका पोकळ होतो.

मिग वेल्डिंगच वापरा, ०.८ मिलीची तार, आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. गाडी बनवताना स्पॉट वेल्डिंगनं पत्रे जोडलेले होते. ते टाके शोधून स्पॉट कटरनं फक्त वरचा थर कापायचा. नव्या पत्र्याच्या पट्टीला सहा ते आठ मिलीची भोकं पाडायची, दोन्ही पत्रे वाइस प्लायरनं घट्ट धरायचे आणि भोकातून टाका भरायचा. मधे तसूभरही फट नको. जोडणीच्या आतल्या बाजूला जस्ताचा वेल्डिंग-प्रायमर मारा.

बाहेरच्या दिसणाऱ्या पत्र्याला कडेला कड लावून जोडायचं असेल तर लांब ओळ मारूच नका. एक टाका इथं, पुढचा वीतभर लांब, मग मधे. हाताला चटका बसेल इतकं तापलं की थांबायचं. पातळ पत्रा तापला की फुगतो.

नवखा_चालक

मला यातलं काही कळत नाही पण रोज हा धागा उघडतोय. एक शंका. गॅसवर पितळ भरून पण जोडतात ना? आमच्या गल्लीतले मिस्त्री सगळं तसंच करतात.

पुणेरी_पिस्टन

करतात, आणि चांगल्या हाताचं गॅस वेल्डिंग फार सुंदर असतं. पण पितळ भरून नुसतं चिकटवणं वेगळं. सिलला ते चालणार नाही, आणि गॅसची उष्णता मोठ्या भागात पसरते, पत्रा जास्त वाकतो. बॉनेटच्या कडेला एखादी चीर असेल तर तुमच्या मिस्त्रींकडून गॅसवर करून घेईन मी आनंदानं.

शुक्रवारपेठ

मंडळी, डावी बाजू उघडली. जे बघितलं ते सविस्तर लिहितो, पुढं कोणाला तरी उपयोगी पडेल.

आडकाठी बसवली, नट फिरवत फिरवत दरवाजाची फट सारखी केली. बोटभर उतरलेला दरवाजा हळूहळू वर आला आणि कुलूप खट्‌ करून बसलं. कुजलेलं सिल त्या वेळी करकरत होतं.

मग बाहेरचं सिल कापलं. बाहेर मूळ सिल नव्हतंच. कोणीतरी, केव्हातरी, मूळ सिलच्या वरून साधा पत्रा रिव्हेट मारून ठोकला होता, त्यावर जाड डांबर. डांबराखाली पत्रा अगदी चकचकीत, आणि त्या पत्र्याच्या मागं मूळ सिल म्हणून फक्त तपकिरी पापुद्रे. दोन पत्र्यांच्या मधे गाळ घट्ट बसलेला, वरून खाली रंग बदलत गेलेला. मधल्या उभ्या पत्र्याचा खालचा चार इंच भाग नाही. आतलं सिल फ्लोअरला जिथं मिळतं ती कड बोटानं मोडत होती. बिजागरीच्या खांबाचा तळ मात्र मजबूत निघाला, हातोडीनं ठोकला तर घंटेसारखा आवाज आला. फार बरं वाटलं.

सिलच्या तळाला पाणी बाहेर जायला भोकं असायला हवीत, ती त्या पॅचवाल्यानं बंद करून टाकली होती. माझ्या मते गाडीचा खरा घात तिथं झाला. पूर नसता आला तरी पावसाळ्याचं पाणी आत साठून हेच झालं असतं, फक्त उशिरा.

सगळ्या पत्र्यांचे पुठ्ठ्याचे नमुने कापले. जिथं डावं शिल्लक नव्हतं तिथं उजवीकडचं माप घेऊन उलटं केलं. उद्यमनगरात प्रेस ब्रेकवर वळवून आणले. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच झालं. त्या कारागिरानं नमुना हातात घेतला, कड कुठल्या बाजूला वळवायची ते बरोबर विचारलं आणि काम करून दिलं.

आतलं सिल आणि मधला पत्रा बसलाय. दरवाजा लागतोय.

लेथमास्तर

शाब्बास रे पठ्ठ्या! नाद खुळा काम. पाणी जायची भोकं ठेवलीस का नव्या पत्र्याला? ठेवली नसशील तर आत्ताच पाड.

आता सिल चाललंय तंवर पुढचं सस्पेन्शन खोल, कारण ती जिवाशी गाठ हाय. पुढच्या चाकाचा उभा खांब खाली पितळी ट्रनियनमधी आट्यांवर फिरतोय. त्यात तेल घालायचं असतंय. ग्रीस न्हाई, गिअरचं नव्वद नंबर तेल, मॅन्युअलमधीच लिवलंय. ग्रीस वाळून घट्ट हुतंय, मग पाणी शिरतंय, पोलादी खांबाचं आटे गंजत्यात आणि एक दिवस वळणावर खांब तुटून चाक आडवं पडतंय. पुरात बुडालेल्या गाडीचा खांब तपासल्याबिगर परत लावायचा न्हाई.

हेराल्डचं पुढचं सस्पेन्शन ह्याच घराण्यातलं, जुन्या भंगारात मिळतंय, पण नंबर आणि मापं जुळवून घे. एवढी गाडी जागेवर कशी वळती ते बघून लोक थांबायचं, २५ फुटांच्या गोलात फिरायची हेराल्ड!

शिरोली_लॅब

खांब साफ करून मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट करून घ्या. शिरोलीत कास्टिंग तपासायला हे सगळीकडं चालतं. लोखंडाला चुंबकत्व देऊन बारीक लोहकणांचं द्रावण सोडतात, अतिनील उजेडात भेग हिरवी उजळते. डोळ्याला न दिसणारी भेगही सापडते. कनेक्टिंग रॉडही त्याच वेळी तपासा. पितळी ट्रनियनला चुंबक चालत नाही, त्याला लाल रंगाची डाय पेनिट्रंट टेस्ट.

लेथमास्तर

इंजिनाचं बी सांगून टाकतो. जाम झालंय म्हणून पुलीला लांब पाना लावून जोर करू नगंस. हेड काढ, सिलिंडरात डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल मिसळून भर, मुरू दे. मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठिवून हळू ठोक. लाकूडच. रेषा पडल्या असतील तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, लई खोल गेलं असंल तर लायनर. लायनर घालणारी माणसं ह्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हायत.

आणि ह्या इंजिनाची एक खोड. क्रँकला, म्हंजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, पुढं-मागं सरकू न देणारं अर्धचंद्राचं थ्रस्ट वॉशर असत्यात, ते झिजून खाली गळून पडत्यात, मग क्रँक थेट ब्लॉकला घासती आणि ब्लॉक बाद. इंजिन खोललंस की डायल गेज लावून बघ. नंतर चालू गाडीतबी एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं पुलीकडं बघायचं. पुली पुढं सरकताना डोळ्याला दिसली की गाडी थांबीव.

कागलकर

पेट्रोलचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आता पंपावर ई-२० आहे, २० टक्के इथेनॉल, आणि ते आपल्याच उसाचं. १९६८ च्या रबरी नळ्यांना ते चालत नाही. फुगतात, चिरतात, तुकडे कार्बोरेटरमध्ये जातात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते. सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, एसयू कार्बोरेटरची सीलं इथेनॉल चालणारीच घ्या, पावती बघून. शिसंविरहित पेट्रोल देशभर २००० पासून आलं, हे इंजिन त्याआधीचं. हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्वला कडक सीट घालून घ्या.

वायरिंग जुनं असेल तर पूर्ण नवीन करा, पुराचं पाणी वायरीत तांब्याच्या बाजूनं आतपर्यंत चढतं. रंग मात्र मूळचेच ठेवा. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशन, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ, निळी हेडलाइट, लाल साइडलाइट. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला बोनेट उघडावं लागलं तर तो दुवा देईल.

नवखा_चालक

आणि कागदपत्रं? इतकी जुनी गाडी रस्त्यावर आणता येते का?

कागलकर

येते. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढं नूतनीकरणाला ५,०००. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

शुक्रवारपेठ, यातली एक अट तुमच्या कामाची आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. त्यामुळं दुसरी बॉडी न आणता मूळ बॉडीत मूळ मापाचे पत्रे घालताय ते उत्तम करताय. प्रत्येक टप्प्याचे फोटो जपून ठेवा. चासी नंबर असलेल्या भागाला ग्राइंडर लावू नका.

शिरोली_लॅब

रंगाकडं जाल तेव्हासाठी दोन गोष्टी आत्ताच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रीत केशरी होतो. त्यामुळं जेवढा भाग एका दिवसात साफ होतो तेवढ्यालाच हात घाला आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. साधा राखाडी प्रायमर पाणी शोषतो, त्यावर गाडी जून ते सप्टेंबर ठेवली तर खालून पुन्हा गंज. जोडांना पीयू सीलंट इपॉक्सीनंतर. सिलच्या पोकळीत शेवटी मेणाचं द्रावण लांब नळीनं फवारा, म्हणजे वेल्डिंगनं आतला जळलेला प्रायमर झाकला जाईल. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा.

आणि टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) घरच्या शेडमध्ये कापडी मास्कवर मारू नका. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, एकदा दमा जडला की जात नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क किंवा सरळ बूथ असलेल्या पेंटरकडं द्या. सिल तुम्ही केलंत, रंग दुसऱ्यानं केला तर गाडी तुमचीच राहते.

पुणेरी_पिस्टन

चासीला पावडर कोटिंग करायचं मनात असेल तर थांबा. दिसायला देखणं असतं, पण एक दगड लागून टवका उडाला की त्याखाली पाणी सरकत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. इपॉक्सी आणि वर चासी ब्लॅक. टवका उडाला तर ब्रशनं भरता येतो.

शुक्रवारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक रस्त्यावर येते तेव्हा तिच्याभोवती पोरंटोरं, म्हातारी माणसं सगळी गोळा होतात, हे लहानपणापासून बघतोय. जुनं यंत्र जपणं या गावाला आवडतं, म्हणून ही गाडी इथंच, इथल्याच हातांनी उभी राहावी असं मला फार वाटतं.

डावं सिल पूर्ण झालं. आडकाठी काढली, दरवाजा तसाच लागतोय, फट हलली नाही. पाण्याची भोकं आहेत, मास्तर. आता उजवी बाजू, मग फ्लोअर. पत्र्यांचे पुठ्ठे मी मापं लिहून ठेवलेत, कोणाकडं स्पिटफायर असेल तर सांगा, छापून पाठवतो.

ट्रनियनचा एक प्रश्न राहिला. डावा खांब टेस्टमध्ये पास, उजव्याच्या आट्यांच्या मुळाशी भेग निघाली. दुसरीकडून डावा जास्तीचा मिळतोय, तो उजवीकडं लावता येईल का?

लेथमास्तर

न्हाई. दोन्ही बाजूंचं आटे एकमेकांच्या उलटं असत्यात, बसायचाच न्हाई. उजवाच शोध. माझ्या वळखीत एका हेराल्डवाल्याकडं पुढचा अख्खा सेट पडून हाय. शनिवारी दुपारनंतर दुकानावर ये, तुझा जुना खांब आणि ट्रनियन दोन्ही घिऊन ये, मापं मिळवून बघू, आणि मिळाला तर आधी शिरोलीत टेस्टला धाडू.